जवळचे, लांबचे आणि इतर

सेक्रेटरींना प्रशिक्षणाला पाठवायला नको होतं. त्यांचं बरं चाललं होतं. विमा कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात एक खुर्ची, आठ बिऱ्हाडांच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद, आणि घरात बायको व नुकतीच नोकरीत रुळलेली मुलगी. तिन्ही ठिकाणी त्यांचं फारसं कोणी ऐकत नसे, पण आपल्यावाचून पान हलत नाही अशी त्यांची समजूत होती, आणि एवढ्या समजुतीवर माणूस आरामात निवृत्तीपर्यंत पोचतो. तेवढ्यात कंपनीत वरून आदेश आला, की प्रत्येक विभागातून एक माणूस 'इंटरॅक्टिव्ह डिझाइन' शिकायला पाठवा. ज्याच्या जाण्याने काम अडणार नाही असा माणूस शोधायला साहेबांना अजिबात वेळ लागला नाही.

सेक्रेटरी परत आले ते गळ्यात ओळखपत्र, हातात प्रमाणपत्र आणि तोंडात 'युजर' हा शब्द घेऊन. आल्या आल्या त्यांनी ओट्यावरच्या मिक्सरकडे बघून खेदाने मान हलवली. हा मिक्सर युजरशी संवाद साधत नाही, असं त्यांचं मत पडलं. बायको म्हणाली, या घरात तेवढं एकच सुख उरलंय, ते राहू द्या.

प्रशिक्षकाने पुष्कळ काही सांगितलं होतं, पण त्यातलं बरंचसं जेवणानंतर सांगितल्यामुळे ते सेक्रेटरींच्या पापण्यांपाशीच अडलं. आत पोचली ती दोन वाक्यं. पहिलं म्हणजे, काहीही बनवण्याआधी युजरला विचारा की बाबा रे, तुला काय हवंय. दुसरं म्हणजे, उत्तम डिझाइन तेच, ज्यात युजर रमतो. एवढ्या भांडवलावर माणूस किती उत्पात करू शकतो, हे पुढे आख्ख्या इमारतीने पाहिलं. खरं तर त्यांची मुलगी याच धंद्यातली. मोबाइलवरचं कुठलं बटण कुठे असावं आणि केवढं असावं, हे ठरवायचा पगार तिला मिळत होता. पण आपण जे दोन दिवसांत शिकलो त्यासाठी पोरीने उगाच चार वर्षं घालवली, असं सेक्रेटरींना वाटू लागलं होतं आणि तिच्याविषयी थोडी कीवही येऊ लागली होती.

एरवी हा ताप आठवडाभरात उतरला असता. पण नेमका त्याच सुमारास दादांचा निरोप आला.

दादा म्हणजे सेक्रेटरींचे सख्खे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. दोघा भावांत दीड-दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकलंत तर हसाल, पण घरोघरच्या अबोल्यांची कारणं याहून मोठी नसतात. दादांना आपल्या विम्याच्या पॉलिसीवरचा पत्ता बदलायचा होता. भाऊच तिथे आहे म्हटल्यावर त्यांनी सरळ त्याला फोन लावला. भाऊ तेव्हा साहेबांसमोर बसला होता. तो ऑफिसच्या आवाजात म्हणाला, दादा, यासाठी टोल फ्री नंबर आहे, तिथून या, मग ते माझ्याच टेबलावर येईल. दादांनी तोही नंबर लावला. नव्या ग्राहकांसाठी एक, जुन्यांसाठी दोन, असं दाबत दाबत ते बराच वेळ बासरी ऐकत बसले. शेवटी एका बाईने 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगितलं आणि फोन तुटला. ज्या भावाकडे जायला एक दाबा, दोन दाबा करावं लागतं, त्याला मी पुन्हा फोन करणार नाही, असं दादांनी जाहीर केलं आणि शब्द पाळला. सेक्रेटरींना वाटलं, मोठ्याने आधी करावा. मोठ्याला वाटलं, चुकलेल्याने आधी करावा. असं करता करता दिवस गेले.

निरोप वहिनींकडून आला, तोही सेक्रेटरींच्या बायकोकडे. दादा पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला शहरात येणार होते, आणि रविवारी दुपारी, वाटेवर घर आहे म्हणून, चहापुरते टेकतील असं म्हणाले होते. केवढ्या मिनतवाऱ्या करून तयार केलंय ते माझं मला ठाऊक, असं वहिनी म्हणाल्या. बायकोने फोन ठेवला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, या वेळी त्यांना काही खुपलं, तर ते पुन्हा या दारात येणार नाहीत. तुम्ही फक्त दार उघडा आणि गप्प बसा."

सेक्रेटरींना दादा हवे होते. सणकी, शिस्तीचे, प्रत्येक वाक्यानंतर 'कळलं?' विचारणारे दादा त्यांना फार म्हणजे फार हवे होते. पण नुसतं दार उघडून कसं चालेल? दादांनी आयुष्यात आपल्याला एकदाही 'वा' म्हटलेलं नाही, हेही त्यांच्या मनात होतं. त्यामुळे बायकोच्या सगळ्या बोलण्यातून त्यांनी दार तेवढं उचललं.

इमारतीच्या फाटकाच्या खांबावर तेव्हा बेलच्या बटणांची एक गंजकी पट्टी होती. त्यातली काही बटणं मेलेली होती, आणि जिवंत होती त्यातलं कुठलंही दाबलं तरी पहिल्या मजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांकडेच वाजे. डॉक्टर खिडकीतून वाकून बघत आणि म्हणत, वर जा, किंवा म्हणत, बाहेरगावी गेलेत. एकूण व्यवस्था चांगली चालली होती, पण तिच्यात डिझाइन नव्हतं. सेक्रेटरींनी सभा बोलावली आणि ठराव मांडला, की ही पट्टी काढून तिथे टच स्क्रीन बसवावा. डॉक्टर आपल्या खिडकीला कंटाळले होते, त्यांनी अनुमोदन दिलं. चेअरमन तळमजल्यावर राहत आणि दुपारी दोन ते चार झोपत. त्यांची सार्वजनिक जीवनातली प्रत्येक भूमिका या झोपेतून निघे. बेलचा त्रास कमी होणार असेल तर माझी हरकत नाही, असं ते म्हणाले.

मग सेक्रेटरी पहिल्या वाक्याला जागून घरोघर फिरले. तुम्हाला काय हवंय, असं त्यांनी प्रत्येकाला विचारलं. हा प्रश्न सोसायटीच्या इतिहासात कोणी कुणाला विचारला नव्हता, त्यामुळे लोकांनी तो अगदी मनावर घेतला. संध्याकाळी मुलीने वडिलांच्या हातातली टिपणं बघितली आणि म्हणाली, बाबा, युजर म्हणजे फाटकाबाहेर उभा असतो तो. त्याला विचारलंत का?

"वर्गणी कोण भरतं?" सेक्रेटरींनी विचारलं. "जो भरतो तो युजर."

आमच्या ऑफिसातही हेच म्हणतात, एवढं बोलून मुलगी हात धुवायला गेली.

दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंचं म्हणणं असं, की रहिवाशांची नावं अशी रस्त्यावर झळकवणं धोक्याचं आहे. तेव्हा नावं गेली. नावं नाहीत तर आलेला माणूस कुणाकडे आलाय हे कळणार कसं? तर त्याने आपण कोण ते सांगावं, मशीन ओळखेल. म्हणून पहिला प्रश्न आला: आपण कोण? त्याखाली नातेवाईक, मित्र, कामानिमित्त आणि इतर. चेअरमन म्हणाले, नातेवाइकांत दोन प्रकार करा. जवळच्यांसाठी बेल केव्हाही वाजू दे, लांबच्यांना दोन ते चार थांबवा. जवळचे कोण आणि लांबचे कोण, हे कुणी ठरवायचं? ज्याचं त्याने. हा प्रश्न चांगल्या चांगल्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या सुटलेला नाही, तो फाटकात उभ्या माणसाने दहा सेकंदांत सोडवायचा होता, कारण दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर तो माणूस संशयास्पद समजून स्क्रीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावा, हीसुद्धा वकीलबाईंचीच सूचना. शिवाय सुरुवातीला अटी व शर्ती हव्यातच, म्हणून त्यांनी त्या स्वतः लिहून दिल्या आणि त्यात कसलीही काटकसर केली नाही. डॉक्टरांना रोग्यांसाठी 'जुनाट' आणि 'ताजा' अशी दोन बटणं हवी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंना कर्कश बेलचा त्रास होई, म्हणून बेल अशी बसवली गेली की ती अगदी खालच्या सुरात सुरू होई आणि कुणाच्या कानावर पडेपर्यंत माणूस निम्मा कंटाळून जाई.

जवळच्या नातेवाइकांसाठी नात्यांचं एक पान झालं. साडू फक्त डॉक्टरांकडे येत, तेव्हा 'साडू' दाबलं की डॉक्टरांकडे वाजेल. मावससासरे फक्त वकीलबाईंना, चुलत सासूबाई फक्त चेअरमनांच्या पत्नीला. सासूबाई दोन घरांना होत्या, तर दोन्हीकडे वाजावी आणि ज्यांची असेल त्यांनी खाली यावं. हे सगळं करून देणारा स्क्रीनवाला स्वभावाने फार गोड होता. त्याला काहीही सांगितलं की तो म्हणे, होऊन जाईल. सेक्रेटरींना आयुष्यात इतकं समजून घेणारा माणूस भेटला नव्हता.

स्क्रीन खांबावर चढला आणि दुसऱ्याच दिवशी पालिकेचा माणूस नोटीस घेऊन आला. सेक्रेटरी पालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना शांतपणे तीन प्रश्न विचारले. त्याच्यावर अक्षरं आहेत का? आहेत. रस्त्याकडे तोंड करून आहे का? आहे. आतून उजेड पडतो का? पडतो. मग तो जाहिरात फलक आहे, कारकून म्हणाला. सेक्रेटरींनी सांगितलं की ही बेल आहे, दारावरची साधी बेल. कारकून म्हणाला, बेल असेल तर बेलसारखी दिसू द्या. मग युजर, संवाद, रममाण होणं वगैरे सेक्रेटरींनी त्याला नीट समजावलं. कारकून भला माणूस होता, त्याने सगळं ऐकलं आणि वाटेल तेवढं रमा, पण रस्त्याकडे तोंड नको, असा मार्ग काढून दिला.

झालं. स्क्रीन खांबाच्या दर्शनी बाजूवरून निघाला आणि फाटकाच्या आतल्या अंगाला, आडवं तोंड करून बसला. आता आलेल्या माणसाला गजांना गाल लावून तिरकं बघत वाचावं लागे आणि गजांमधून कोपरापर्यंत हात आत घालून दाबावं लागे. स्क्रीनवाला म्हणाला, सवय होऊन जाईल.

लोक आले. पोस्टमनने पहिल्या दिवशी अटी व शर्तींची पहिली ओळ वाचली आणि तेव्हापासून तो टपाल फाटकावरून आत भिरकावू लागला. दूधवाला 'मित्र' दाबून कुणाकडे तरी वाजवे आणि जो खाली येईल त्याच्याकडे सगळ्यांच्या पिशव्या देऊन जाई. डॉक्टरांचा एक रोगी दाढदुखी जुनाट की ताजी या विचारात दोनदा पहिल्यापासून सुरू झाला आणि शेवटी समोरच्या दंतवैद्याकडे निघून गेला. तेव्हापासून सेक्रेटरी जिन्यात भेटले तरी डॉक्टर पूर्वीसारखे हसेनात.

सेक्रेटरींचं मात्र या किरकोळ गोष्टींकडे लक्ष नव्हतं. माणूस स्क्रीनपाशी किती वेळ थांबतो हे मशीन मोजत होतं आणि तो वेळ दिवसागणिक वाढत होता. युजर रमतोय, ते ज्याला त्याला सांगत. एक गृहस्थ तर जवळजवळ अर्धा तास रमले होते. त्यांचा हात घड्याळासकट गजांत अडकला होता आणि वायरमनला बोलावून सोडवावा लागला, हा तपशील आकड्यांत येत नव्हता. अभिप्रायांचंही तसंच. सुरुवातीला कोणी अभिप्राय देईना, तेव्हा सेक्रेटरींनी फाटकाचं कुलूप अभिप्रायाला जोडून टाकलं. 'आपला अनुभव कसा वाटला?' याच्याखाली पाच चांदण्या. त्यातली एखादी दाबल्याशिवाय फाटक उघडत नसे, येतानाही आणि जातानाही. घरचे लोक बाहेरून येताना कार्ड लावत, पण बाहेर पडताना त्यांनाही चांदणी चुकत नव्हती. आणि काय सांगावं, प्रत्येकाने पाचच्या पाच चांदण्या दिल्या. दादांना हे दाखवायचं, असं सेक्रेटरींनी मनाशी ठरवून टाकलं.

मुलीने दाखवून दिलं, की पाचवी चांदणी कडेला आहे आणि हात तिथपर्यंतच पोचतो. वडिलांनी तिच्याकडे धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याकडे बघावं तसं बघितलं. तेव्हा ती वैतागून म्हणाली, "बाबा, दारात कुणाला रमायचं नसतं. आत यायचं असतं."

हल्लीच्या पोरांना धीर म्हणून नाही, असं सेक्रेटरी म्हणाले आणि विषय संपला.

रविवार उजाडला. बायकोने सकाळपासून एकच धोशा लावला, की तुम्ही फाटकाशी जाऊन उभे राहा. सेक्रेटरी ऐकेनात. मीच दार उघडलं तर मग केलं काय एवढं, असं त्यांचं म्हणणं. दादा स्वतः येतील, स्वतः दाबतील, पूर्ण अनुभव घेतील आणि मग वर येऊन जे म्हणतील ते खरं. फाटकावर कॅमेरा होता, आणि त्याचं व स्क्रीनचं चित्र सेक्रेटरींच्या मोबाइलवर येई. ते सोफ्यावर मोबाइल धरून बसले. बायको मागे उभी राहिली.

तिनाच्या सुमाराला दादा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, आणि थोडे वाळलेले. दीड-दोन वर्षांत भाऊ एवढा वाळला हे सेक्रेटरींना मोबाइलवर बघून कळलं. दादांनी फाटकाला कडी शोधली. ती नव्हती. मग स्क्रीन दिसला. त्यांनी चष्मा बदलला, गजांना गाल लावला आणि अटी व शर्ती वाचायला घेतल्या. मुख्याध्यापक माणूस, न वाचता सही करणार नाही. दुसऱ्या अटीपर्यंत पोचतात तोच दहा सेकंद झाले आणि स्क्रीनने त्यांचं पुन्हा सुस्वागत केलं. दादांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. असं तीनदा झालं. जा हो खाली, बायको म्हणाली. सेक्रेटरी म्हणाले, थांब, त्यांना लय सापडतेय.

शेवटी दादांनी वाचणं सोडून अटी मान्य केल्या. आयुष्यात पहिल्यांदाच केल्या असतील. 'आपण कोण?' आलं, त्यांनी 'नातेवाईक' दाबलं. आणि मग ती दोन बटणं आली: जवळचे, लांबचे.

दादांचं बोट हवेतच थांबलं.

हा प्रश्न सेक्रेटरींनी चेअरमनांच्या झोपेसाठी घातला होता. आता तो दादांच्या पुढ्यात होता, आणि एवढ्या दिवसांत दोघा भावांपैकी एकानेही तो विचारायची हिंमत केली नव्हती. बोट तसंच राहिलं. दहा सेकंद झाले, स्क्रीन मागे गेला. दादांनी परत अटी मान्य केल्या, परत नातेवाईक झाले, परत त्याच दोन बटणांपाशी येऊन थांबले. मग त्यांनी बोट पुढे नेलं आणि 'जवळचे' दाबलं.

सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वर बघितलं तर बायकोचेही डोळे भरले होते. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण खाली नात्यांचं पान उघडलं होतं.

दादांनी ते पान वरून खाली बघितलं. सासूबाई, सासरे, साडू, मावससासरे, चुलत सासूबाई, मावशी, आतेभाऊ, व्याही. मग खालून वर बघितलं. पुन्हा वरून खाली. सेक्रेटरींना आधी वाटलं की चष्म्याचा घोटाळा असेल, आणि मग त्यांनी ते पान मनातल्या मनात वाचून बघितलं. त्या पानावर भाऊ नव्हता. जो तो आपापल्या घरी कोण येतं ते सांगत गेला होता आणि सख्खा भाऊ असा त्या इमारतीत कुणाकडे येणारा नव्हता. स्वतःच्या घराची नाती सेक्रेटरींनी स्वतःच लिहिली होती. बायकोची मावशी आठवणीने घातली होती. दादा येत नव्हते, म्हणून पानावर आले नव्हते, आणि ज्यांच्यासाठी एवढा सगळा खटाटोप केला ते पानावर नाहीत हे त्यांच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

दादांनी गजांतून हात बाहेर काढला. वहिनींनी दिलेली पिशवी फाटकाला नीट अडकवली. चष्मा बदलला आणि आले त्या वाटेने चालू लागले.

बायको नुसतं "पळा" म्हणाली. सेक्रेटरी पळाले. एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून ते जिना उतरले आणि फाटकावर जाऊन आदळले. फाटक उघडेना. स्क्रीन विचारत होता, 'आपला अनुभव कसा वाटला?' सेक्रेटरींनी हाताला आली ती चांदणी दाबली. पाचवी होती. स्क्रीनने त्यांचे आभार मानले आणि फाटक उघडलं.

दादा कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी गाठले. सेक्रेटरींना धाप लागली होती, तोंडातून 'दादा' एवढंच निघालं. दादा थांबले.

"मावससासरे आहेत त्यात," ते म्हणाले. "चुलत सासूबाई आहेत. भाऊ कुठल्या पानावर आहे तेवढं सांग, मी जाऊन दाबतो."

सेक्रेटरींकडे उत्तरं भरपूर होती. स्क्रीनवाला होता, वकीलबाई होत्या, पुढच्या आवृत्तीत करून घेऊ असंही म्हणता आलं असतं. ग्राहक सेवेत आयुष्य गेलेला माणूस, त्याला काय कमी? पण त्यांना त्यातलं काही बोलवेना.

"नाहीये, दादा," ते म्हणाले. "माझ्याकडून राहिला."

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. घामेजलेलं तोंड, घरातला लेंगा, मग पायांतल्या त्या दोन जातींच्या चपला. चपलांवर त्यांची नजर बरीच रेंगाळली. शाळेत असताना खरं बोलणाऱ्या पोराला त्यांनी कधी मारलं नव्हतं, पण लगेच बस असंही म्हटलं नव्हतं. भावालाही त्यांनी थोडा वेळ तसंच उभं ठेवलं.

"चहा तरी टाकलाय का?" मग त्यांनी विचारलं.

दोघे फाटकापाशी परतले. फाटक बंद झालं होतं. सेक्रेटरींचं कार्ड वर, मोबाइल वर. त्यांनी गजांतून हात घातला आणि पहिल्यांदाच स्वतःचं डिझाइन बाहेरून वापरलं. आपण कोण? रहिवासी असं बटणच नव्हतं, कारण रहिवाशांकडे कार्ड असतं. त्यांनी 'इतर' दाबलं. स्क्रीनने येण्याचं कारण विचारलं. ते विचारात पडले तोवर दहा सेकंद झाले. दादा शेजारी हाताची घडी घालून उभे होते. चौथ्या सुस्वागतमला त्यांना हसू आवरेना. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते चष्मा काढून डोळे पुसायला लागले. दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते भावाला आपल्याच घरात जाता येत नाही हे बघून झालं.

"सरक," ते म्हणाले.

ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांच्या शाळेचं मैदान मोठं होतं आणि ध्वनिक्षेपक कायम बिघडलेला, त्यामुळे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची त्यांना सवय होती. त्यांनी मान वर केली आणि पुतणीला लहानपणच्या नावाने हाक मारली.

"चिमणे, दार उघड. तुझा बाप बाहेर राहिलाय."

इमारतीच्या झाडून सगळ्या खिडक्या उघडल्या. वकीलबाई आल्या, गाण्याच्या बाई आल्या, डॉक्टर आले आणि सवयीने म्हणाले, वर जा. चेअरमन चारच्या आत जागे झाले, असं सोसायटीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. एवढी माणसं आपल्याला या चपलांत बघतायत हे सेक्रेटरींना कळत होतं, पण का कोण जाणे, त्यांना त्याचं काही वाटेना. चिमणी कार्ड घेऊन तीन-तीन पायऱ्या उतरत धावत आली.

चहापुरते आलेले दादा जेवायला थांबले, आणि मग झोपायला थांबले. दुसऱ्या दिवशी सभा झाली. स्क्रीन काढावा हे एकमताने ठरलं. स्क्रीनवाला म्हणाला, होऊन जाईल. मुलीने फाटकाबाहेर उभं राहून, येणाऱ्याचा हात कुठे जातो ते बघितलं आणि तिथे खूण केली. त्या उंचीवर वायरमनने आठ साधी बटणं बसवली, प्रत्येकापुढे मोठ्या अक्षरांत नाव. जो ज्याचं बटण दाबेल त्याच्याकडे वाजेल, एवढंच. वकीलबाईंनी नावांवर हरकत घेतली, पण त्यांच्याच घरात राहणाऱ्या सासूबाई म्हणाल्या की माझं नाव राहू दे, आणि हरकत मागे घेतली गेली. सेक्रेटरींना या सगळ्यात डिझाइन कुठे आहे ते दिसेना. मुलगी म्हणाली, दिसत नाही ना, मग झालं.

बटणं लागेपर्यंत दादा राहिले. निघताना त्यांनी बजावलं की कोणी सोडायला यायचं नाही, मी काही लहान नाही. पॉलिसीवरचा पत्ता सेक्रेटरींनी त्यांच्यासमोर बसून बदलून दिला होता, त्यावर दादा 'वा' वगैरे काही म्हणाले नव्हते, 'कळलं?' म्हणाले होते. ते जिना उतरले. फाटक लागल्याचा आवाज आला आणि लगेच घरात बेल वाजली.

सेक्रेटरी खिडकीत गेले आणि काय राहिलं म्हणून विचारलं.

"काही नाही," दादा खालून म्हणाले. "वाजते का बघितलं."

सेक्रेटरी आत वळले, तोच बेल परत वाजली. या वेळी ते खिडकीत गेले नाहीत. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि दादांना गाडीपर्यंत सोडायला खाली गेले.